पाळणाघरातली छान मुलगी

मी पाळणाघराची निरोपवही आहे, आणि माझ्यात लिहिलेल्या अर्ध्या गोष्टींवर माझाच विश्वास नाही.

मी ठकीच्या दप्तरात राहते. ठकी साडेतीन वर्षांची. सकाळी तिची आई लिहिते, 'हसत उठली, नीट खाल्लं.' खोटं! सँडलच्या पट्ट्यावरून झालेली रडारड मी ऐकलेली असते. संध्याकाळी पाळणाघरातल्या ताई लिहितात, 'छान राहिली.' अकरा मुलांच्या अकरा वह्यांत, एका दमात, तेच! मी कुणाचं खरं मानायचं?

घरी आल्या आल्या ठकी दारातच अंग टाकायची. लाथा, किंचाळ्या, चावे.

"तिथे छान आणि इथे हे? काहीतरी लपवतायत त्या," आई म्हणायची.

"तुझा तर दूधवाल्यावरही संशय!" बाबा म्हणाले.

"मग? निघालं ना त्याच्या दुधात पाणी?"

पुढच्या महिन्यापासून पाळणाघरातून ठकीचं नाव काढायचं, आईनं नोकरी सोडायची, असं जवळजवळ ठरलं; ताईंच्या कानावरही घालून झालं.

एका दुपारी आई न कळवता आली आणि खिडकीतून डोकावली. मी खुंटीवरच्या दप्तरातून बघत होते. एका मुलानं ठकीच्या हातातली गाडी ओढून घेतली. ठकी रडली नाही. मुठी आवळून, ओठ घट्ट मिटून बसली.

आई तरातरा आत. "रडत का नाही ती? दटावता का तिला?"

"नाही हो," ताई म्हणाल्या. "दिवसभर अशीच आवरून धरते. तुम्ही दिसलात की सोडते. तुमच्यापाशी सोडता येतं तिला."

"मग रोज 'छान' कशाला लिहिता?"

"आणि तुम्ही 'हसत उठली' कशाला लिहिता?"

आईला अर्धंच पटलं. पण त्या दिवशी ठकी बाहेरच्या पायरीवर किंचाळायला लागली, तेव्हा आई तिला 'गप्प' म्हणाली नाही. शेजारी बसली. "गाडी घेतली ना त्यानं? राग आलाय तुला." ठकीनं चावायला तोंड उघडलं, आईनं हात हळूच बाजूला घेतला, पण उठली नाही. येणारे-जाणारे बघत होते. बऱ्याच वेळानं ठकीच्या मुठी सुटल्या, तोवर आईही रडत होती.

दुसऱ्या दिवशी आईनं लिहिलं, 'काल दोघी रडलो. नाव तूर्तास राहू द्या.' तूर्तास! संशय काही जायचा नाही तिचा. माझाही.

माझी थोडीच पानं उरलीत, म्हणून सांगते. मूल घ्यायला याल तेव्हा आधी मला उघडू नका. आधी पायरीवर बसा.