डावीकडचे लोखंडी स्क्रू

मित्रांनो, मी एका सुताराच्या अंगणातला बाक. जुना आहे, पण कुजका नाही, हे आधीच सांगून ठेवतो. अस्सल सागवान! समोर समुद्र, अंगावर खारा वारा. रंग तेवढा करडा झालाय.

माझा सुतार गिऱ्हाइकांना सांगून सांगून थकायचा, की समुद्राकाठी नुसतं लाकूड चांगलं असून भागत नाही, लोखंडी स्क्रू लावलेत तर खारी हवा ते खाऊन टाकते. आणि स्वतःच्या घरी काय केलं? गुडघ्याचं ऑपरेशन झालेली बायको दुसऱ्या दिवशी घरी यायची होती, तिला बसायला म्हणून मला घाईघाईने जोडत होता. माझी उजवी बाजू जोडून होते न होते तोच पितळी स्क्रू संपले. मग पठ्ठ्याने डावीकडे लोखंडी पिळले. "तात्पुरते आहेत, पुढच्या आठवड्यात बदलतो," म्हणाला. तिला पक्क्या बाजूला बसवलं आणि आपण डावीकडे बसला.

तो आठवडा अकरा वर्षांत आला नाही. जगाची कामं उरकली की आमच्या बाकाकडेही बघा, असं ती चिडवायची. तो नुसता हसायचा. रोज संध्याकाळी दोघं बसत. किती सुखाचे दिवस होते ते!

मग तो गेला. ती उजवीकडेच बसायची, हात डावीकडे ठेवून. वाऱ्याने जरा कुरकुरलो तरी मला वाटे, तोच येऊन बसला. इकडे स्क्रू गंजत होते. एके दिवशी त्यांची लेक डावीकडे टेकली आणि मी कोसळलो. लाजेने मेल्यासारखं झालं.

लेकीने प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणल्या. दोन उन्हाळ्यांत त्यांना तडे गेले. आई त्यांत बसलीच नाही. दुखऱ्या गुडघ्यांनी दारात उभी राहून समुद्र बघायची. शेवटी लेक मला फोडून सरपण करायला निघाली, तेव्हा आई म्हणाली, "लाकडाला काही झालेलं नाही गं. तुझ्या बाबांचं काम राहिलंय, तेवढं पुरं कर."

लेकीने बाबांची हत्यारांची पेटी उघडली. तळाशी पितळी स्क्रूंची पुडी होती. तिच्यावर त्याच्या अक्षरात लिहिलं होतं, 'हिचा बाक'. म्हणजे आणून ठेवले होते, लावायचे तेवढे राहिले.

लेकीने ते एकेक करून पिळले. आईने माझी डावी बाजू दाबून पाहिली. "झाली हो तुमची बाजू पक्की," म्हणाली आणि आपल्या जागी, उजवीकडे बसली.

आता डावीकडे मी हत्तीसुद्धा पेलेन. बसायला तेवढा तो नाही.

मित्रांनो, अंगणासाठी काही घ्याल तेव्हा लाकूड बघा, स्क्रूही बघा. आणि तात्पुरतं काही लावलं असेल, तर याच आठवड्यात बदला. शेजारी बसणारं माणूस आहे, तोवर.