नऊ मिनिटे मागे

मी एक जुने, भिंतीवरचे घड्याळ आहे. मित्रांनो, सातिवलीच्या एका लहानशा गाळ्यात माझे काटे बसले आणि जूचंद्रला प्रितेशच्या घरी, संगणकाच्या वरच्या भिंतीवर मला जागा मिळाली.

प्रितेश शेअरबाजाराचे ज्योतिष सांगे. कुणी “हा शेअर घेऊ का?” असे विचारले, की तो मान वर करून माझ्याकडे पाही, वेळ टिपून घेई आणि त्या क्षणाची कुंडली मांडी. गिरीज गावच्या जोआना टीचर म्हणजे त्याच्या शाळेतल्या गणिताच्या बाई. निवृत्त झालेल्या, घरी एकट्या. त्यांनी तीनदा विचारले आणि तिन्ही वेळा उत्तर खरे ठरले.

“तुझं घड्याळ चांगलं आहे,” त्या म्हणाल्या. तेव्हापासून माझी काच रोज पुसली जाऊ लागली. मला अभिमान वाटला, खोटे कशाला बोलू?

एका सकाळी प्रितेशची बायको मनाली फोन हातात धरून माझ्यासमोर थबकली. “अरे, हे नऊ मिनिटं मागे आहे. गणपतीत बॅटरी बदलली ना, तेव्हापासूनच असणार.”

प्रितेशने माझे काटे नीट लावले आणि त्या तिन्ही कुंडल्या खऱ्या वेळेने पुन्हा मांडल्या. त्याच्या पद्धतीत तेवढ्या मिनिटांनी होकाराचा नकार होई. तिन्ही उत्तरे उलटी आली. खऱ्या वेळेचे आकाश चुकले होते आणि माझी चूक बरोबर ठरली होती. त्याने भरदुपारी खोलीतला दिवा लावला. माझ्याकडे पाठ करून बसायला तो धजेना.

दुसऱ्या दिवशी टीचर आल्या. निवृत्तीचा सगळा फंड त्यांना एकाच कंपनीत घालायचा होता. प्रितेशने त्यांना सारे सांगून टाकले. “टीचर, मला काही कळत नव्हतं. तीनदा नेम लागला, एवढंच. पैसे बँकेत राहू द्या.”

टीचर माझ्याकडे वळल्या. मग शांतपणे म्हणाल्या, “ते परत नऊ मिनिटं मागे कर, आणि बघ.”

“नाही करणार, टीचर.”

“मग मला देऊन टाक.”

मी डोळ्यांसमोरून जातो आहे, याचेच त्याला बरे वाटले असावे.

गिरीजच्या घरात खिडकीला केळीची पाने घासतात. टीचरांनी मला परत नऊ मिनिटे मागे लावले आणि त्या फोनवर कुंडली मांडायला शिकल्या. पहिल्याच खेपेला घेतलेल्या शेअरचा भाव कोसळला. आता मला उतरवतील, असे वाटले. पण त्या स्टुलावर चढल्या, माझा काटा आणखी दोन मिनिटे मागे ढकलला आणि कुंडली पुन्हा मांडली. या वेळी उत्तर आले, घेऊ नका. टीचर हसल्या. “तू सांगत होतंस रे. मीच चुकीचं लावलं होतं.”

मग प्रत्येक नुकसानीनंतर हेच होत गेले. आज मी एकेचाळीस मिनिटे मागे आहे. रविवारी टीचर चर्चला पोचतात तेव्हा मिस्साची प्रार्थना संपायला काहीच मिनिटे उरलेली असतात. प्रितेश अधूनमधून येतो, “टीचर, आता पुरे,” म्हणतो.

“थांब, जवळ आलंय,” त्या सांगतात.

मित्रांनो, तुमच्या घरच्या घड्याळाची काच पुसा, बॅटरी बदला, पण त्याला वेळेपलीकडचे काही विचारू नका. माझ्याजवळ बाराच तास आहेत, आणि हवे ते उत्तर सापडेपर्यंत टीचर माझा काटा मागे ढकलत राहणार आहेत.