न्हाणीघराची फरशी

गुढियारी मोहल्ल्यातलं जुनं घर भाड्यानं द्यायचं होतं, म्हणून नत्थूभाऊंनी न्हाणीघराची फरशी स्वतःच बसवली. रेल्वेत तीस वर्षं रूळ बसवलेला माणूस. त्यांनी रुळासारखीच फरशीही लेव्हल लावून अगदी सपाट केली आणि घरच्यांना बोलावून दाखवली. बायकोनं, अंजनाबाईंनी, तांब्याभर पाणी ओतलं. पाणी जागचं हललं नाही.

"काहून हो, इथं आंघोळ करायची का पोहायचं?"

नात साक्षी खिदळली, "दादाजी, पानी सिग्नल का इंतज़ार कर रहा है!"

दुसऱ्या दिवशी नत्थूभाऊंनी सगळी फरशी उखडली, साक्षीला शेजारी बसवलं, दोरी ताणली आणि पाणी जायच्या जाळीकडचं टोक बोटभर खाली घेतलं.

"पाण्याले उतार लागते, पोट्टे. पाहून घे."

दुखऱ्या गुडघ्यांनी ते आठवडाभर तिथंच फरशी पुन्हा बसवत होते.

आज शर्मिष्ठा नावाची नर्स घर पाहायला आली. आधीच्या घरी तिची सासू ओल्या फरशीवर घसरून पडली होती, म्हणून ती थेट न्हाणीघरात शिरली.

"काका, पाणी साचत तर नाही ना?"

नत्थूभाऊंनी भरलेली बादली उपडी केली. पाणी भिंतीपासून निघालं, कुठंही न रेंगाळता जाळीत गेलं. शर्मिष्ठानं चारही कोपऱ्यांत अनवाणी पाय ठेवून पाहिला.

"कोणी बसवली?"

"मीच," नत्थूभाऊ ताठ उभे राहून म्हणाले. "दोनदा."

"मग चावी द्या. सासूबाईंना रविवारीच आणते."