दिव्यावरची झालर

मोठ्याबाईंच्या घरात उघडं असं काही नव्हतं. फ्रिजला कव्हर, टीव्हीला कव्हर, मिक्सरला कव्हर, रिमोटलासुद्धा गुंडीचं झबलं. पस्तीस वर्षं सोफ्यांची नि गाद्यांची कव्हरं शिवून त्यांनी चार मशीनचं शिवणघर उभं केलं होतं. शाळा दुसरीत सुटली होती, पण मापात त्यांना फसवणारा अजून जन्मायचा होता. "झाकलं ते टिकलं," असं त्या म्हणत. कुणी हसलं तर त्याच्याकडे अशा बघत, की हसणाऱ्याचा हात आपोआप आपल्याच सदऱ्याची बटणं चाचपू लागे.

मग घरात गाडी आली. जुनी, दोघांच्या हाताखालून गेलेली, पण मोठ्याबाईंच्या कमाईची. मुलगा नोकरीनं बाहेरगावी, त्यामुळे गाडी चालवायला शिकली ती सून. तिनं गाडीला हात लावायच्या आधी मोठ्याबाईंनी माप घेतलं. सीटला कव्हर, गिअरच्या दांड्याला टोपी, डॅशबोर्डवर निळ्या कापडाचं आच्छादन आणि त्याला चार बोटं झालर. ती झालर नेमकी स्टिअरिंगमागच्या काचेवर लोंबे. वेगाचा काटा खालून डोकावे, पण वरची दिव्यांची ओळ बुरख्यात.

"आई, तेवढी झालर कापू या का?" सुनेनं पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. "तिथे दिवे असतात. काही बिघडलं की पेटतात."

"पेटतात तर पेटू देत. मी कुठे फुंकर मारतेय?"

"दिसायला हवेत ना पण."

"इतकी वर्षं मशीन चालवतेय मी. बिघडलं की कानाला कळतं. दिवे लागतात ते बहिऱ्यांना."

दुसऱ्या दिवशी मोठ्याबाईंना झालर वर मुडपून तिला कपड्यांचा चिमटा लावलेला दिसला. आपल्या हातच्या झालरीला चिमटा! मोठ्याबाईंनी तो काढला. सुनेनं परत लावला. असं महिनाभर चाललं. शेवटी आज सकाळी, सून आंघोळीला गेली असताना, मोठ्याबाई सुई घेऊन गाडीत बसल्या आणि झालरीच्या दोन्ही कडा काचेखालच्या कापडी पट्टीला टाके घालून पक्क्या केल्या. हात लागलाच होता म्हणून हँडब्रेकलाही नवं झबलं चढवलं. कापूस भरून, बुडाशी जाडजूड, अगदी घट्ट.

आज लेकीला डॉक्टरकडे न्यायचं होतं. लेकीला सातवा महिना होता आणि दवाखाना डोंगराखालच्या शहरात.

सून स्टिअरिंगमागे बसली. झालर बघितली, टाके बघितले. ओठ दाबले. हँडब्रेकचं बटण कापसातून चाचपून दाबलं आणि दांडा खाली ढकलला.

"पूर्ण खाली जात नाहीये वाटतं."

"नवीन आहे. बसेल हळूहळू," मोठ्याबाई शेजारच्या सीटवरून म्हणाल्या. "तुलाही या घरात बसायला वर्ष लागलंच की."

मागून लेक खुदकन हसली. सून हसली नाही. उशीर होत होता. तिनं गाडी काढली.

गावातला सपाट रस्ता होता तोवर सगळं ठीक होतं. सून एकदाच म्हणाली, "आज गाडी ओढत नाहीये. जड वाटतेय."

"मागे बघ कोण बसलंय," लेक म्हणाली. "वहिनी, मला वजनाचं बोललीस तर मी इथेच उतरेन."

"उतर. गाडी हलकी होईल आणि डोकंही," मोठ्याबाई म्हणाल्या, पण मागे वळून लेकीच्या पोटाकडे बघत त्यांनी पदर सावरला. एवढंसं काहीतरी आत वाढत होतं, आणि त्याचीही दुपटी त्यांनी आधीच शिवून ठेवली होती.

मग उतार लागला. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला गुडघाभर उंचीचा कठडा आणि त्यापलीकडे नुसती हवा. पहिली दोन वळणं गेली. तिसऱ्या वळणावर मोठ्याबाईंच्या नाकाला वास आला.

जळका वास. शिवणघरात इस्त्री विसरली की येतो तसा, पण कापडाचा नाही. कापड गोडसर जळतं. हा कडू होता, घशाला चिकटणारा.

"आई, कसला गं वास?" लेकीनं विचारलं.

"बाहेर कुणीतरी कचरा जाळत असेल," मोठ्याबाई म्हणाल्या.

म्हणाल्या खऱ्या, पण बाहेर धूर कुठेच नव्हता. त्यांची नजर हँडब्रेककडे गेली. झबल्याचं जाड बूड सीटच्या आणि मधल्या फुगवट्याच्या फटीत पाचरीसारखं रुतलं होतं. दांडा आडवा झोपायला हवा, तो उशीवर डोकं ठेवल्यासारखा अर्धवट वर. रोज कुठे असतो तो? याहून खाली. चांगला दोन बोटं खाली.

मशीनचं चाक हातानं धरून ठेवायचं आणि पायानं पॅडल मारत राहायचं. नव्या पोरी असंच करत, आणि पट्टा तापून असाच कडू वास सुटे. म्हणजे आपल्या झबल्यानं ब्रेक ओढलेलाच राहिला होता.

बोलावं? बोलावं तर कबूल करायला हवं. महिनाभराचं चिमट्याचं भांडण एका वाक्यात हरायचं. तेही लेकीच्या देखत, सुनेसमोर. खाली पोचलो की गुपचूप काढून टाकू झबलं, त्यांनी ठरवलं. दहा मिनिटांचा तर रस्ता. झाकली मूठ सव्वा लाखाची.

एक वळण गेलं. आणखी एक गेलं. वास वाढला.

आणि सून म्हणाली, "अरे."

एवढंच म्हणाली. पण तिचा पाय ब्रेकवर खाली गेला आणि खालीच जात राहिला, चिखलात जावा तसा. तिनं पाय उचलून पुन्हा दाबला. पुन्हा. गाडी किंचित अडखळली आणि पुढे धावली.

"वहिनी?"

"ब्रेक लागत नाहीये नीट." सुनेचा आवाज एकदम सपाट झाला होता, फळीसारखा. "पट्टा बघ तुझा. पोटाच्या खालून आहे ना?"

"चावी बंद कर! वहिनी, चावी बंद कर!"

"नाही! चावी काढली तर स्टिअरिंग अडकेल. कुणी चावीला हात लावायचा नाही."

क्लच, गिअर. इंजिन किंचाळलं, गाडीनं सगळ्यांना पुढे ढकललं आणि वेग थोडा मोडला. सुनेनं चारही बाजूंचे इशाऱ्याचे दिवे लावले आणि तळवा हॉर्नवर ठेवला. समोरून येणारा टेम्पो कातळाला अंग घासत बाजूला झाला.

"आई, झालर वर करा. मला काटा नीट दिसत नाहीये."

मोठ्याबाईंनी झालर ओढली. उसवेना. त्यांचाच टाका होता तो, आणि त्यांचा टाका कधी उसवत नसे. यावर त्यांचं अख्खं शिवणघर चालत होतं. कमरेची दोऱ्याची कात्री त्यांनी उपसली आणि झालर उभी फाडली.

खाली एक दिवा पेटलेला होता. लालभडक. कधीपासून पेटला होता कोण जाणे. घरातून निघाल्यापासूनच असणार.

"लाल दिवा आहे," मोठ्याबाई म्हणाल्या. "गोल आहे. आत एक काठी आणि काठीखाली टिंब."

"ब्रेकचा." सून रस्त्यावरून नजर न हलवता म्हणाली. "हँडब्रेक अर्धा ओढलेला आहे का?"

आता झाकायला काही उरलं नव्हतं.

"आहे. माझं झबलं अडकलंय त्यात. मला मघाशीच कळलं होतं."

सुनेनं एक क्षणही त्यावर खर्च केला नाही. "कापा ते. बटण मोकळं करा. पण दांडा ओढू नका, मी सांगेपर्यंत."

मोठ्याबाईंनी कात्री लावली. कापूस उडून मांडीवर, काचेवर, सुनेच्या केसांवर बसला. वळण आलं. गाडी कठड्याकडे झुकली, लेकीच्या तोंडून आवाज निघाला, तसला आवाज मोठ्याबाईंनी ती लहानपणी झाडावरून पडली तेव्हाच ऐकला होता. चाकं कडेच्या मातीवरून कर्रकर्र करत परत डांबरावर आली. सुनेनं आणखी एक गिअर उतरवला. इंजिनचा आवाज आता छातीत लागत होता.

"पुढच्या वळणानंतर खडीच्या खाणीचा रस्ता आहे. वर चढतो. तिथे घालणार आहे गाडी." सून भराभर बोलत होती. "मी 'आता' म्हटलं की दांडा वर ओढायचा. बटण दाबून ठेवूनच. एकदम खेचायचा नाही, नाहीतर मागची चाकं घसरतील. घसरतंय वाटलं तर सोडायचा. जमेल?"

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मोठ्याबाईंना 'जमेल का' असं विचारलं होतं, आणि त्यांना राग आला नाही.

"जमेल."

वळण. कातळ बाजूला सरला. समोर पांढऱ्या खडीचा कच्चा रस्ता, आणि त्याच्या तोंडाशी पाठमोरा उभा असलेला एक सायकलवाला. हॉर्न. सायकलवाल्यानं मागे बघितलं, सायकल टाकली आणि गवतात उडी मारली.

"आता!"

मोठ्याबाईंनी बटण दाबलं आणि दांडा उचलला. रेशमावर शिवताना पॅडलवर जेवढा भार द्यायचा, तेवढाच. जास्त दिला की कापड चुरगळतं, कमी दिला की सुई सरकत नाही. गाडीचं बूड डावीकडे निसटू लागलं. त्यांनी हात सैल केला. सरळ झालं. पुन्हा उचलला. खडी खालून पत्र्यावर ताडताड आपटत होती. चढ आला, इंजिन कण्हलं, वेग उतरला, उतरला, आणि गाडी एक आचका देऊन थांबली.

मागच्या चाकांतून निळसर धूर निघत होता.

"पोट?" मोठ्याबाईंनी विचारलं. एवढाच शब्द निघाला.

"लाथा मारतंय," लेक रडत रडत म्हणाली. "तुझ्यावर गेलंय. चिडलंय."

त्या उतरल्या. सुनेनं चाकांना दगड लावले. मोठ्याबाई पाण्याची बाटली घेऊन धुराकडे निघाल्या, तशी सून म्हणाली, "पाणी नका ओतू, तापलेलं लोखंड तडकेल. आपोआप निवू द्या." मोठ्याबाई थांबल्या. बाटलीतलं पाणी त्यांनी लेकीला पाजलं, मग सुनेला.

सायकलवाल्यानं शिव्या देऊन झाल्यावर खालच्या गॅरेजला फोन लावून दिला. तासाभरानं मेकॅनिक मोटारसायकलवर आला. चाकं हुंगली, झाकण उघडून ब्रेकचं तेल बघितलं आणि सुनेकडे वळला.

"हँडब्रेक ओढून डोंगर उतरलात? ब्रेक तापून आतलं तेल उकळलं, पॅडल बसणारच. आणि समोर एवढा लाल दिवा पेटतो, तो दिसला नाही? लायसन कुणी दिलं तुम्हाला?"

सुनेच्या केसांत अजून कापूस होता.

"लक्ष गेलं नाही माझं," ती म्हणाली.

मोठ्याबाईंनी ते ऐकलं. त्यांच्या चुकीवर सुनेनं कव्हर घातलं होतं. बिनटाक्याचं, अगदी बेमालूम. नुसतं गप्प राहिलं की झालं. मेकॅनिक जाईल, घरी कुणाला कळणार नाही, सून तर मरेपर्यंत बोलणार नाही.

"ए शहाण्या," मोठ्याबाई म्हणाल्या, "लायसन तिला दिलं ते बरोबर दिलं. तिच्यामुळे आम्ही उभे आहोत. दिव्यावर झालर मी शिवली होती. हँडब्रेकला कापसाचं झबलं मी घातलं. जळका वास आला, कारण कळलं, तरी तोंड शिवून बसले ती मीच. विचार आता काय विचारायचं ते."

मेकॅनिकनं कापलेल्या झबल्याकडे बघितलं. मग म्हाताऱ्या बाईकडे. "गाडी चालवायची नाही," एवढंच तो म्हणाला. "ओढून नेतो. गाडी बोलावलीय."

ती गाडी यायला वेळ होता. लेकीनं दवाखान्याला फोन करून संध्याकाळची वेळ घेतली आणि मागच्या सीटवर टेकली. मोठ्याबाई चालवणाऱ्याच्या जागेवर जाऊन बसल्या. उरलेलं निळं आच्छादन त्यांनी कात्रीनं कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत उसवलं, गुंडाळलं आणि पायाशी टाकलं.

"ये, बस," त्या सुनेला म्हणाल्या. "दाखव. पहिल्यापासून."

"आत्ता?"

"मग काय डोहाळजेवणाला? चाकांना दगड आहेत ना? दाखव."

सून शेजारी बसली. गिअर मोकळा आहे हे तिनं दांडा हलवून दाखवलं आणि चावी फिरवली. काचेमागे सगळे दिवे एकदम पेटले.

"अगं बाई! सगळंच बिघडलं?"

"नाही. चावी फिरवली की सगळे एकदा हजेरी देतात. इंजिन चालू झालं की विझतात. जो विझत नाही, त्याचं म्हणणं ऐकायचं. पिवळा असेल तर लवकर दाखवून घ्यायचं. लाल असेल तर तिथेच थांबायचं."

इंजिन सुरू झालं. दिवे विझले. दोन राहिले.

"हा आपला काठी-टिंबवाला," मोठ्याबाई बोट न लावता म्हणाल्या. "याला ओळखते मी. जन्मभर ओळखेन."

"आणि दुसरा?"

मोठ्याबाई पुढे वाकल्या. चष्मा वर सरकवला. एवढीशी गाडी वरून बघितल्यासारखी, आणि तिच्या एका बाजूला पाखरासारखा पंख उघडलेला.

मग मोठ्याबाईंनी मान वळवून मागे बघितलं.

"बये," त्या लेकीला म्हणाल्या, "तुझं दार नीट लागलेलं नाहीये. ओढ ते."

लेकीनं दार उघडून खाडकन लावलं.

पाखरू विझलं.