चार बोटांची फट

त्या मंगळवारी सिद्धूच्या पदरात रजेचे चार दिवस पडायचे होते. अकरा महिन्यांत पहिल्यांदाच. तिसरं ऑपरेशन पाचच्या आत उरकलं तर साडेपाचची जतची एसटी, आणि बुधवारी सकाळी नऊला धाकट्या पोरीचं जावळ. पोर दहा महिन्यांची, त्यातले बापाच्या वाट्याला आलेले दिवस सहा. बाकीची पोर त्याने मोबाईलवर पाहिली होती, तीही निम्मीच. कारण फोन धरताना बायको, मंगल, आधी स्वतः नीट दिसतेय का ते बघायची.

सांगलीच्या त्या हाडांच्या दवाखान्यात सिद्धू कागदावर ऑपरेशन थिएटरचा मदतनीस होता. खरं काम एकच, पेशंट लावणे. खुब्याचा सांधा बदलायचा तर माणसाला चांगल्या कुशीवर निजवायचं आणि कमरेचं हाड ओळंब्यात उभं करायचं. ते हलू नये म्हणून एक गादीचा टेकू पुढून, एक मागून. डॉक्टर जयराज सांध्याची नवी वाटी ठोकायचे ती खोलीच्या भिंतींचा अंदाज धरून. खाली माणूसच कलंडलेला असला तर वाटीही तेवढीच वाकडी बसते, आणि त्या दिवशी कुणाला कळत नाही. कळतं ते तीन महिन्यांनी, माणूस खाली बसायला जातो आणि मांडीच्या हाडाचा गोळा वाटीतून मागे निसटतो तेव्हा.

यावर मोठ्या शहरांत यंत्रं आहेत म्हणे. इथे सिद्धूचा तळहात होता. टेकू आवळून झाले की तो पाठ आणि मागचा टेकू यांच्यामध्ये हात घालायचा. एक बोट जरी आत गेलं तरी सगळं सोडून पुन्हा पहिल्यापासून. सर यंत्राचं नाव तीन वर्षं काढत होते आणि काम तळहातावर भागवत होते.

त्या दिवशीचा दुसरा पेशंट धुळा, माण तालुक्यातला, सत्तरीचा. पन्नास वर्षं मेंढरांमागे कोकणात उतरायचं आणि परत चढायचं, यात उजवा खुबा झिजून गेलेला. कमरेला काळा करदोटा, त्याला सुपारीएवढी भंडाऱ्याची पुरचुंडी. अंगावर काही ठेवायचं नाही हा थिएटरचा नियम. सिद्धू कात्री घेऊन आला.

"काय कापतोस रं?"

"करदोटा. नियम हाय."

"कुठला तू?"

"जतकडचा."

"मग तुला सांगाय नको. करदोटा कवा कापत्यात?"

सिद्धूला सांगायला नको होतं. स्वतःच्या बापाचा त्यानेच कापला होता, तिरडी बांधल्यावर.

"आजोबा, मला बोलणी बसत्यात."

"बसू देत की मग. मी जित्ता हाय तवर न्हाई कापू द्यायचा."

सिद्धूने घड्याळ पाहिलं. वाद घातला तर दहा मिनिटं, वर सरांना बोलवा, वर नातेवाइकांना बोलवा. त्याने दोरा वर सरकवला, चिकटपट्टी मारली आणि वाचलेली दहा मिनिटं साडेपाचच्या गाडीकडे वळती केली. मग कंबर उभी केली, टेकू आवळले, मागून हात घातला. बोट जाईना. वर हिरवी कापडं पडली.

भूल कमरेखालची, त्यामुळे म्हातारा जागाच होता आणि बडबडत होता. हातोडा सुरू झाल्यावर तर जास्तच.

"आवं मॅडम, आत सुतार बसवलाय काय?"

"आजोबा, झोपा बरं," भुलीच्या डॉक्टर संयोगिता मॅडम म्हणाल्या. सकाळपासून त्यांनी हे वाक्य दोन पेशंटांना मिळून चाळीसेक वेळा म्हटलं असेल.

"झोपतो की. पर मी पालथा व्हायलोय."

"काही होत नाही."

"खांदा सांगतोय माझा. मगाशी त्यो दिवा दिसत हुता, आता फरशी दिसाय लागली."

मॅडमनी नळी तपासली, दाब तपासला. दोन्ही ठीक होते. सिद्धूने मात्र पाठीमागून कापडाखाली हात घातला. एक बोट गेलं. दुसरं गेलं. चारही बोटं गेली आणि आत जागा उरली. मग पुढच्या टेकूखाली चाचपलं. पट्टी सुटून पुरचुंडी गादीखाली शिरली होती. ठोके बसतील तशी गादी तिच्यावरून घसरत गेलेली, आणि कंबर पुढे कलंडलेली.

घड्याळात पावणेतीन. वाटी आत बसली होती, सरांनी ती पक्की करायला स्क्रू मागितला होता.

गप्प राहिलं तर काय होतं, हे सिद्धूने मांडून पाहिलं. फट त्याच्याशिवाय कुणाला दिसत नव्हती. काम सव्वातीनला संपलं असतं. म्हातारा आठ दिवसांनी चालत घरी गेला असता आणि पुढे कधीतरी खाली बसताना सांधा निखळला असता. तेव्हा डॉक्टर म्हणाले असते, आजोबा, सांगितलं होतं ना खाली बसू नका म्हणून. दोष म्हाताऱ्याच्याच नावावर लागला असता. हिशेब इतका सरळ होता की सिद्धूला त्याचाच कंटाळा आला. त्याला उभ्या उभ्या झोप येत होती, आणि हात अजून त्या फटीत होता.

"सर, स्क्रू थांबवा."

"काय झालं?"

"पेशंट कलंडलाय. चार बोटं."

हातोडा ट्रेमध्ये ठेवल्याचा आवाज आला. "तू लावलास ना?"

"व्हय सर."

"मग सरकला कसा?"

टेकू ढिला पडला, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. टेकू जुनेच होते.

"करदोटा कापला नव्हता. त्याची गाठ गादीखाली गेली."

"का नाही कापलास?"

"जित्ता माणूस हाय सर."

 जयराज सरांच्याही कमरेला काळा दोरा आहे, हे कपडे बदलायच्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं. त्यांनी एक्स-रेचं मशीन आत घ्यायला सांगितलं. चित्र आलं. वाटी जेवढी पुढे बघायला हवी होती, त्याच्या निम्मीही बघत नव्हती. 

"काढायची," सर म्हणाले. "तू खाली बस आणि धर."

सिद्धू कापडाखाली गुडघ्यांवर बसला. पुरचुंडी बाजूला ओढली, कंबर मागे ढकलली, टेकू पुन्हा आवळला आणि खांदा लावून राहिला. वर वाटी उपटली गेली, पुन्हा बसवली गेली, पुन्हा चित्र, मग स्क्रू.

"आता दिसला दिवा," धुळा म्हणाला. "मगाच सांगत हुतो, कोण ऐकंना."

सगळं आवरलं तेव्हा पावणेपाच वाजले होते. तिसऱ्या पेशंट विजयमालाबाई, कराडकडच्या, चौऱ्याहत्तरच्या, हृदयाची गोळी चालू असलेल्या. रात्री दहापासून पोटात काही नव्हतं, घशात पाण्याचा थेंब नव्हता. संयोगिता मॅडम म्हणाल्या, एवढ्या उशिरा या वयाला भूल देणार नाही. उद्या सकाळी साडेआठ.

"सर, माझी रजा," सिद्धू म्हणाला.

"दुसरा कोण लावणार, सांग."

सांगण्यासारखं नाव नव्हतं. सिद्धूने जिन्यात उभं राहून मंगलला फोन लावला.

"उद्या जमत न्हाई."

"मामा साताऱ्यासनं येऊन बसलाय. न्हाव्याला सांगून झालंय."

"मग उरका तुमी."

"तुमाला काय, तुमी उद्या म्हनाल आजून परवा," ती म्हणाली, पण भांडली नाही. तिलाही अकरा महिन्यांची सवय झाली होती.

बुधवारी नऊ वाजता पोरगी मामाच्या मांडीवर रडत होती आणि तिचा बाप विजयमालाबाईंना कुशीवर निजवत होता. बाईंनी त्याला क्षीण आवाजात विचारलं, "काल का न्हाई केलं रं बाळा?"

"काल येळ झाला, आई."

"माझं काय चुकलं का काय?"

"तुमचं काय न्हाई."

आता या चुकीपायी कुणी काय भरलं ते पाहू. धुळाने काही भरलं नाही. तो चार दिवसांनी वॉकर घेऊन वॉर्डभर हिंडला आणि चहा पाणचट आहे म्हणून तक्रार केली. सरांनी दीड तास भरला. सिद्धूने एक जावळ भरलं. चूक त्याची होती, तेव्हा ते वसूल होणारच होतं. विजयमालाबाईंनी मंगळवारी संध्याकाळपर्यंत कडकडीत उपास भरला, रात्री दोन घास खाऊन पुन्हा बुधवारचा भरला. त्या धुळाला ओळखतही नव्हत्या.