तिसरा मासा

कोपरापर्यंत हात पाण्यात घालून धाकटी प्लास्टिकची जाळी माशांच्या टाकीच्या वाळूत रुतवत होती आणि तिनेच पाळलेली मादी तिच्या बोटांना चावत होती. क्लाउनफिश दिसायला एवढासा, पण चावला की चांगलंच झोंबतं, त्यात पाणी खारं. तिने हात मागे घेतला नाही. दिवसभर रुग्णालयाच्या चौकशीच्या खिडकीत बसून त्रासलेल्या माणसांना तीच तीच उत्तरं दिल्यावर माशाच्या चावण्याचं काही वाटेनासं होतं.

जाळीच्या अलीकडे तिची नारिंगी जोडी होती. धष्टपुष्ट मादी आणि तिच्या मागेमागे फिरणारा चिमुकला नर. पलीकडे पाइपाच्या आडोशाला तिसरा मासा अंग तिरकं करून वरच्या वर तरंगत होता. त्याच्या शेपटीच्या चिंध्या झाल्या होत्या.

मागे थोरली बहीण टॉवेल घेऊन उभी होती.

तिसरा मासा तिचा. म्हणजे तिच्या यजमानांचा. ते गेल्यावर तिने घर आवरलं, भांडीकुंडी वाटून टाकली, त्यांचे चष्मे आणि बूटसुद्धा देऊन टाकले, पण मासा कुणाला दिला नाही. झाकणाची बादली मांडीवर घेऊन दिवसभराचा प्रवास करून ती धाकटीकडे कायमची राहायला आली. अनायासे तुझ्याकडे टाकी आहेच, असं ती दारातच म्हणाली होती. हे जमायचं नाही, हे धाकटीला तेव्हाच कळलं होतं. पण बादली धरून हात आखडलेल्या बहिणीला उंबऱ्यावर काय सांगणार?

आता मात्र सांगणं भाग होतं.

"ताई, हा जन्मभर एकटा राहिला. या जातीत एकटा वाढलेला मासा पुढे मादी होतो. माझ्याकडे मादी आहेच. दोघी एका पाण्यात राहत नाहीत."

थोरलीने टॉवेल पुढे केला.

"म्हणजे आपल्यासारख्या," ती म्हणाली. हसण्यावारी न्यायचं म्हणून म्हणाली, पण हसलं कुणीच नाही.

खरं तर दोघी बहिणींमध्ये भांडण असं कधी झालंच नव्हतं. झालं असतं तर बरं, असं धाकटीला वाटायचं. थोरली त्या घरात पाहुण्यासारखी वागायची. चहा प्यायला की कप लगेच विसळून पुसून जागच्या जागी. पंखा लावू का, असं विचारायची. खुर्चीत बसायची तीसुद्धा कडेला टेकल्यासारखी. वर्षानुवर्षं एकटीने राहिलेल्या धाकटीला सारखी कुणीतरी आपली मर्जी सांभाळतंय याचाच शीण यायचा. कामावरून आल्यावर गप्प बसावं, तर थोरली तिचा चेहरा निरखत राहायची.

जाळीने काही भागलं नाही. जोडी दिवसभर जाळीवर धडका मारायची आणि पलीकडच्याने खाणं सोडलं. थोरली टाकीपाशी स्टूल घेऊन बसे आणि खाण्याचे कण एकेक करून त्याच्या तोंडासमोर सोडी. ते खाली जात आणि वाळूवर पडून राहत. दुसरी टाकी मांडावी तर दोन खोल्यांत जागा नव्हती. शिवाय आहे त्याच टाकीसाठी मीठ कालवून बादल्या उचलताना धाकटीचा खांदा भरून यायचा. आणखी एका टाकीचं नुसतं मनात आणलं तरी तिला थकायला होई.

शेवटी तिने जिथून जोडी घेतली होती त्या दुकानदाराला फोन केला. त्याने माशाची अवस्था ऐकून घेतली, जरा कुरकुरला, मग म्हणाला की घेऊन या, वेगळा ठेवून बघतो, पण जगेल याची हमी देत नाही. धाकटीने हे थोरलीच्या कानावर घातलं.

"तुला योग्य वाटेल ते कर," थोरली म्हणाली. आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी भाजी आणायचं निमित्त करून, पिशवी न घेताच बाहेर पडली.

धाकटीने बादलीत टाकीतलं पाणी काढलं, स्टूलवर चढली आणि पाइपाच्या कोपऱ्यात हात घातला. मासा पळेल म्हणून तिने दुसऱ्या हातात लहान जाळं तयार ठेवलं होतं. तो पळाला नाही. फाटक्या शेपटीने वल्हवत हळूहळू वर आला आणि तिच्या बोटाच्या टोकाला तोंड लावून थांबला. मेहुणे त्याला बोटावरून खाऊ घालत. थोरलीने ते अनेकदा सांगितलं होतं, आणि धाकटीने कामावरून आल्यावर ऐकतात तसं ते अर्धवट ऐकलं होतं.

पाण्यात हात तसाच धरून ती बराच वेळ उभी राहिली. खांदा ठणकायला लागला तेव्हा तिने हात काढला, स्टूल सरकवलं आणि जाळीच्या अलीकडे जाळं घातलं.

जोडी सहजासहजी हाती लागणार नव्हती. ऐन उमेदीतली, याच टाकीत वाढलेली, दर थोड्या दिवसांनी त्याच एका खडकाला अंडी चिकटवणारी. नर लवकर सापडला. मादीने शेवटपर्यंत चावून घेतलं.

दुकानदाराने बादलीत डोकावून पाहिलं आणि तो चक्रावला. आजारी मासा आणणार होतात ना, असं त्याने विचारलं. अंडी देणारी जोडी कुणी अशी सोडत नाही, असंही म्हणाला.

"घरात माणूस वाढलंय," धाकटी म्हणाली. ते ऐकून त्याला उलगडा झाला असेल असं वाटत नाही, पण त्याने पुढे विचारलं नाही. तो काचेच्या टाकीत पाणी सोडू लागला तेव्हा ती निघाली.

ती घरी परतली तेव्हा थोरली स्टूलवर बसली होती. टाकीतली जाळी धाकटीने निघतानाच काढली होती. अख्खी टाकी मोकळी असताना मासा अजून पाइपापाशीच होता. थोरलीने रिकाम्या बादलीकडे पाहिलं, मग धाकटीच्या खांद्यापर्यंत भिजलेल्या बाहीकडे.

"तुझी जोडी?"

"दुकानात आहे. दोघं बरोबर आहेत, राहतील."

थोरलीने बादली ओढून स्टूलखाली सरकवली. धाकटीला हायसं वाटलं. आभारबिभार मानले असते तर उत्तर द्यायचंही त्राण तिच्यात नव्हतं. ती चपलांसकट खुर्चीत बसली आणि तिने डोळे मिटले. पंप घुरघुरत होता. थोरली उठून आतल्या खोलीत गेल्याचं तिला कळलं, मग बऱ्याच वेळाने दारातून आवाज आला.

"बयो, कपाटातला एखादा खण मिळेल का गं? आल्यापासून माझे कपडे बॅगेतच आहेत. खालचा असला तरी चालेल."

धाकटीने डोळे उघडले नाहीत.

"खालचा नको, तुला वाकावं लागेल. मधला घे," ती म्हणाली. "माझे ढकल कुठेही."