बापूजींचा पाऊस

नव्या कायद्याने मालगुजारी गेली, गावाचा सारा वसूल करायचा हक्क गेला, तलाव सरकारजमा झाला, तरी बापूजींची ऐट जागेवर होती. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही, त्यातली गत. रिवाज असा होता, की धान रोवण्याचा पहिला दिवस अख्ख्या गावाने बापूजींच्या शेतातल्या बांधीत फुकट राबायचं आणि मगच आपापल्या धानाकडे वळायचं. या आषाढात मात्र एक चिटपाखरूही फिरकलं नाही. रोपांचे पऱ्हे पिवळे पडायला लागले आणि बापूजी लाल.

त्यात ब्रह्मपुरीहून जावई आले. भैयाजी शाळेत विज्ञान शिकवायचे आणि जेवतानाही थांबायचे नाहीत. वरणाच्या गंजावरचं झाकण उलटं करून त्यांनी त्यावरचे थेंब दाखवले. "पाहा मामाजी, पाणी तापलं की वाफ होऊन वर जाते, थंडावली की खाली येते. समुद्र, नदी, झाडं, तलाव, सगळ्यांचं पाणी असंच फिरते. तोच पाऊस."

बापूजींनी समुद्र पाहिलेला नव्हता. त्यांच्या कानात तेवढा तलाव शिरला.

"मंजे माह्या तलावाचं वर गेलेलं पानी आता या गाववाल्यायच्या बांधीत पडून राह्यलं?"

"तसं नाही, मामाजी..."

"तसंच हाय! सरकारनं तलाव घेतला चैतात. त्याच्या आंधी उडालेली वाफ कोनत्या कायद्यात घेतली?" जावई कामाचा निघाला, असं त्यांना पहिल्यांदाच वाटलं.

दुसऱ्या दिवशी चावडीवर त्यांनी गाव गोळा केलं आणि वाफेवरचा हक्क जाहीर केला. गर्दीतल्या वारलूने डोकं खाजवलं. "म्हंजे पाऊस तुमचा, बापूजी? पुरा?"

"थेंब न् थेंब! ज्याले तो पाह्यजे, त्यानं आंधी एक दिवस माह्या बांधीत रोवावं."

लोक मनात हसले आणि तरीही रोवायला आले. वाकायची सवय पाठीला लागलेली असते, ती एका कायद्याने सुटत नाही. मनकर्णा विधवा बाई, घरात दुसरा हात नाही. तीही आपले पऱ्हे तसेच ठेवून आली आणि दिवसभर चिखलात वाकली. बापूजी बांधीच्या पाळीवर छत्री धरून उभे होते. आभाळाकडे ते अशा नजरेने बघत, जणू आपल्याच गोठ्यातली गाय दूध देत होती.

श्रावणात पावसाची झड लागली, ती थांबेचना. मनकर्णाच्या घराची मागची भिंत बसली. ती सरळ बापूजींच्या ओसरीवर आली आणि तिच्या मागे गाव.

"बापूजी, तुमचं पानी माह्या घरात शिरलं. भीत पाडली."

"पावसाले मी काय करू?"

"काऊन? ढोर दुसऱ्याच्या वावरात शिरलं त नुकसान कोन भरते? मालकच ना?"

बापूजींनी हात झटकले. "पाऊस कोनाचा नसते, बाई! देवाचा असते."

"मंग आमचा रोवण्याचा दिवस वापस करा," वारलू म्हणाला. "नाई त कापणीले तुमच्या धानात एक हात येनार नाई."

बापूजींनी डोळ्यांसमोर उभं धान पाहिलं, झडून मातीला मिळालेलं. आवाज उतरला. "बरं, गडी पाठवतो."

"मी गडी पाठवला नव्हता," मनकर्णा म्हणाली. "मीच वाकली होती."

उघाड पडली तसे मालगुजार धोतर खोचून तिच्या अंगणात भिंतीसाठी चिखल तुडवायला लागले. दुपारपर्यंत त्यांची कंबर धरली. ते उभे राहून कण्हले, तेव्हा पडक्या भिंतीपलीकडून मनकर्णाने मायेनं विचारलं, "पाठ दुखते का बापूजी? होते सवय."